तुटली की तोडली : एका विहिरीच्या तंट्याचा समेट

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, हातभर लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीला धाकटे भाऊ आले तेव्हा त्यांनी फाइल उघडण्याआधी हा तुकडा टेबलावर ठेवला. एक टोक चिरफाळलेलं, उन्हानं पांढुरकं पडलेलं. दुसरं टोक सरळ, गुळगुळीत. त्या सरळ टोकावरून बोट फिरवत ते म्हणाले, “मॅडम, करवतीचा काप आहे हा. पाहून घ्या.” मी पाहिला आणि बाजूला ठेवला. पुरावा हा कोर्टाचा विषय, आपलं काम तडजोडीचं, असा माझा त्या दिवशीचा विचार होता. या प्रकरणात पुढे जे अडलं ते तिथेच अडलं.

मी नाशिकला वकिली करते, आणि चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतल्यापासून मध्यस्थ म्हणूनही बसते. मध्यस्थीत झालेलं बोलणं गोपनीय असतं. त्यामुळे हे लिहिताना तिन्ही भावंडांची परवानगी घेतली आहे, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. थोरल्यांना घरात नाना म्हणतात, धाकट्यांना बापू, बहिणीला ताई. आपल्या जिल्ह्यात निम्म्या घरांत हीच हाक असते, म्हणून इथेही तीच ठेवते. एवढं सांगते की गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागांचं. आणि ताईंचं सासर सिन्नरकडचं.

चिठ्ठ्या टाकून झालेली वाटणी

वडील, म्हणजे तात्या, गेले २००९ साली. पुढच्या वर्षी वाटणी झाली. जमिनीचे सारख्या मापाचे दोन तुकडे, एक रस्त्याकडचा, एक नदीकडचा. नदीकडच्या तुकड्यात विहीर. कुणावर अन्याय नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याकडचा तुकडा नानांना निघाला, नदीकडचा बापूंना. तलाठ्याकडे फेरफार तसेच नोंदले गेले.

पण चिठ्ठीला सोय कळत नाही. नानांची बाग नदीकडे उभी होती. बापूंचा ट्रॅक्टरचा धंदा, त्यांना रस्ता हवा होता. त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून दोघांनी तोंडी अदलाबदल केली. नदीकडचा तुकडा नानांनी कसायचा, रस्त्याकडचा बापूंनी. विहीर निम्मी निम्मी, पाणी दिवसाआड. कागद केला नाही. खरेदीखतासारखी अदलाबदल नोंदवायची तर मुद्रांक शुल्क बाजारभावानं लागणार, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण, “भावाभावात कागद कशाला?”

पाथर्डी फाट्यावरून मला रोज पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या राज्यवर्षाचा एक आदेश कोरलेला आहे. भिक्षूंना पूर्वी कखडी गावातलं शेत दिलं होतं, पण ते गाव ओस पडलं, शेत पडीक राहिलं. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तनं (निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप) राजाची जमीन दिली आहे, असा त्याचा आशय. एका शेताच्या बदल्यात दुसरं शेत दिलं, तर राजानं ते दगडात कोरून ठेवलं. आणि आपल्याकडे जिवाभावाच्या माणसात कागद करणं हे अविश्वासाचं लक्षण मानलं जातं. मला उलट वाटतं. कागद हा प्रेमाचा शत्रू नाही. तो उद्याच्या रागापासून आजच्या प्रेमाचं रक्षण करतो. नाना-बापूंनी त्याच वर्षी कागद केला असता तर बापूंच्या हाती पुढे ते शस्त्र आलंच नसतं : “सातबाऱ्यावर विहीर माझ्या नावावर आहे.”

कागद एकच झाला, तो ताईंचा. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांनी हक्कसोड पत्रावर सही केली. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा मिळाला होता. तो त्यांनी सोडला, साडीचोळी घेतली आणि डोळे पुसत सासरी गेल्या.

दोन घाव

दोन्ही घरांतलं अंतर दोनशे फुटांचं. आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. महिना संपला की कपड्यांचं गाठोडं, देवाची डबी आणि स्वतःचा पितळी तांब्या घेऊन ती अंगण ओलांडायची. पाण्याची पाळी आणि आईची पाळी, दोन्हींना घरात एकच शब्द होता, आणि नऊ वर्षं दोन्ही पाळ्या बिनबोभाट चालल्या.

२०१९ चा उन्हाळा फार वाईट गेला. आदल्या वर्षी पाऊस ओढून धरलेला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला पाणी लागतंच. त्या फुटीत पुढच्या हंगामाचा माल ठरतो. विहिरीत पाणी तासाभराचं. शेतीची लाइट आठवडाभर दिवसाची, आठवडाभर रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात बापूंच्या पाळीला नानांच्या मुलानं मोटर चालू केली. झटापट झाली, पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली गेली, मग दोघांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई.

मे महिन्यात भावकीतल्या एका दशक्रियेला सगळे गोदाघाटावर जमले होते. पिंडदान आटोपून माणसं उठत होती, तेव्हा बापू शंभर माणसांत मोठ्यानं बोलले, “तात्यांच्या दवाखान्याला भावकीनं पैसा गोळा केला, तो खाऊन यानं बोअर घेतला.” नाना काही बोलले नाहीत. ओल्या धोतरानं तसेच पायऱ्या चढून गेले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून बापूंच्या शेतात जाणारी पाइपलाइन नानांच्या बांधाखाली कापलेली आढळली. एकरभर बाग वाळली. जूनमध्ये बापूंनी वेली उपटल्या, अँगल आणि तारा विकल्या. ज्यानं बाग उभी केली आहे त्यालाच ते दुःख कळेल. लावल्यापासून पहिलं पीक हाती येईपर्यंत बागाईतदार तिला लेकरासारखी सांभाळतो.

आई त्या महिन्यात नानांकडे होती. ती तिथेच राहिली. गाठोडं पुन्हा अंगण ओलांडून गेलं नाही.

गावात तंटामुक्ती समिती होती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली, तेव्हापासूनची. गावपातळीवर भांडण मिटावं ही त्यामागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते. समितीनं दोघांना बोलावलं, हात मिळवायला लावले, हार घातले, फोटो काढला. आठवड्यात बापूंनी निफाडच्या कोर्टात दावा टाकला : नदीकडच्या तुकड्याचा ताबा मिळावा. हक्कसोड पत्रामुळे ताईंनाही पक्षकार केलं. प्रतिवादी क्रमांक तीन.

तडजोड झाली

दावा माझ्याकडे मध्यस्थीला आला २०२२ मध्ये. पाच बैठका झाल्या. वेगवेगळ्या भेटींत दोघेही समजूतदार होते. समोरासमोर बसले की दोघंही भिंतीकडे पाहून बोलायचे. वर्षाच्या अखेरीला मसुदा तयार झाला. बापूंनी ताब्याचा दावा सोडायचा. अदलाबदल कायम धरायची आणि कागदावर आणायची. पाणी दिवसाआड, लाइटच्या तासांप्रमाणे. पाइपलाइन नानांनी स्वखर्चानं जोडून द्यायची आणि बागेच्या नुकसानीपोटी ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत द्यायची. एकमेकांवरच्या तक्रारी मागे.

एका कलमावर मात्र गाडं अडलं. बापूंचा आग्रह : “प्रतिवादीने पाइपलाइन तोडल्यामुळे” असं लिहा. नानांनी पेन खाली ठेवलं. मी दोन्ही वकिलांना बाजूला घेतलं आणि वाक्य बदललं : “सन २०१९ मध्ये पाइपलाइन तुटल्यामुळे.” मराठीनं मला वाट काढून दिली, असं मला वाटलं. आपल्या भाषेत तुटणं वेगळं, तोडणं वेगळं. तुटण्याला कर्ता लागत नाही. पेला फुटतो, दोरी तुटते, भांडण होतं, शब्दाला शब्द वाढतो. कुणी काही केलेलंच नसतं. दोघांनी सह्या केल्या.

बापूंच्या आरोपाचं काय? त्यावर मी त्यांच्याकडून “रागाच्या भरात बोललो” एवढं वदवून घेतलं, बंद खोलीत, पाच माणसांत. ते कागदावर आलं नाही.

आणि ताई? त्या सिन्नरहून एसटीनं आल्या होत्या. मी मसुदा पुढे केला आणि विचारलं, “तुमची काही हरकत नाही ना?” त्या म्हणाल्या, “माझी कसली हरकत?” आणि सही केली. मी पुढच्या पानाकडे वळले.

लोकअदालतीत निवाडा झाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं असा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तीन वर्षांचं भांडण एका दुपारी मिटलं. सीबीएस बसस्थानकाजवळ कुणीतरी पेढे आणले. मीही एक घेतला.

समेट झाला नाही

महिन्याभरात, जानेवारी २०२३ मध्ये, राज्य सरकारनं सलोखा योजना आणली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं असेल, तर अदलाबदल दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी. क्षेत्र कमीजास्त असलं तरी चालतं. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा लागतो, त्यावर शेजारच्या गटधारकांच्या सह्या लागतात. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी गट बदलले तेव्हापासून महाराष्ट्रात कागद एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा अशी असंख्य शेतं आहेत, त्यांच्यासाठी ही योजना. आमच्या प्रकरणात २०१० पासूनचा परस्पर ताबा, म्हणजे जणू याच दोघांसाठी काढलेली. मी दोघांनाही आनंदानं फोन केला.

पंचनाम्याची तारीख ठरली. नाना शेतावर आले नाहीत. दुसरी ठरली, बापूंना ट्रॅक्टरचं भाडं लागलं. तिसऱ्या वेळी दोघं आले आणि पंचनामा लिहिला जात असताना निघून गेले. दोन हजार रुपयांत होणारं काम दोघांनाही नको होतं.

मी उन्हाळ्यात गावी जाऊन पाहिलं. पाइपलाइन जोडलेली होती, पैशांचे हप्ते वेळेवर गेले होते, पाणी ठरल्याप्रमाणे दिवसाआड. हुकूमनाम्यातल्या प्रत्येक ओळीचं पालन झालेलं. स्टार्टरच्या पेटीला दोन कुलुपं होती, दोन किल्ल्या. नानांचा माणूस कुलूप काढून जायचा, दहा मिनिटांनी बापूंचा यायचा. अंगणाच्या मधोमध, जिथून आई यायची-जायची, तिथे बाभळीच्या काट्यांची फास टाकलेली होती.

तडजोड, समेट, दिलजमाई, सलोखा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. तडजोड हक्कांची होते : तुझं इतकं, माझं इतकं. सलोखा हा नांदण्याचा शब्द. जुन्या मराठी कागदांत लढाईनंतर ‘सलूख झाला’ असं लिहीत, आणि सलूख झाला म्हणजे वाटा मोकळ्या झाल्या, येणंजाणं सुरू झालं. दिलजमाई तर सरळच मन ठिकाणावर येण्याची गोष्ट आहे. सरकारनं योजनेला सलोखा हे नाव दिलं ते मला आवडलं, पण शेतावरून परतताना हे स्पष्ट दिसत होतं की योजनेच्या दस्ताला सलोखा आधी लागतो. दस्तानं तो येत नाही.

ओट्यावर बापू मला एवढंच म्हणाले, “पाइप काय आपोआप तुटतो का मॅडम? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तसं लिहिलं.” नानांकडे गेले तर ते म्हणाले, “रागात बोललो म्हणे. रागात माणूस खरं बोलतो, लोक असंच धरू राहिले ना. भावकीत लग्नाला गेलं तर आहेराची वही माझ्या हातात कोणी देत नाही.” चार वर्षांपूर्वीपर्यंत भावकीतल्या प्रत्येक लग्नात ती वही नानांकडे असायची.

दोघांना एकमेकांकडून काही घ्यायचं नव्हतं. एकाला एक क्रियापद हवं होतं. दुसऱ्याला ‘रागात’ या शब्दाच्या जागी ‘खोटं’ हा शब्द हवा होता, आणि तोही ज्यांच्यासमोर आरोप झाला त्यांच्यासमोर.

गवत अंथरून न झाकणारं

याच सुमारास मी विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्षुसंघातली भांडणं मिटवण्याच्या सात रीती वाचल्या. शेवटची रीत ‘तिणवत्थारक’, म्हणजे घाण गवतानं झाकावी तसं झाकणं. संघात दोन तट पडून भांडण इतकं चिघळलं असेल की एकेक चूक उकरायला गेल्यास आणखी वैर वाढेल, तर दोन्ही तटांनी एकत्र बसावं, प्रत्येक तटाच्या वतीनं एकानं चुका कबूल कराव्यात आणि विषय तिथे झाकावा. माझं ‘तुटल्यामुळे’ त्याच जातीचं होतं. त्या दिवशी सही घडवायला ते लागलंच, ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

पण त्या रीतीला दोन अपवाद आहेत. गंभीर अपराध झाकता येत नाही. आणि गृहस्थांशी संबंधित, म्हणजे भांडणाऱ्या दोन तटांच्या बाहेरच्या माणसाच्या बाबतीत केलेला अपराधही झाकता येत नाही. आपसातलं आपण आपसात सोडू शकतो. तिसऱ्यावर झालेलं सोडून द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

हे वाचून मला प्रतिवादी क्रमांक तीन आठवल्या. पाच बैठकांत मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, तोही उत्तर गृहीत धरून.

मी सिन्नरला गेले. ताईंनी चहा ठेवला, समोर बसल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग चार वर्षांचं एकदम आलं. दोन्ही भावांनी निरोप धाडला होता, त्याच्याकडे गेलीस तर माझ्याकडे येऊ नको. म्हणून त्या कुणाकडेच गेल्या नाहीत. आईला भेटायचं तर गावाबाहेर देवळात भेटायच्या. भाऊबीजेला चंद्राला ओवाळायच्या, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. “दोन भाऊ असून,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं : “मी सही केली ती जमिनीच्या कागदावर केली. माहेराच्या कागदावर नाही केली.”

मी त्यांना कायदा सांगितला. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र नुसत्या इच्छेनं रद्द होत नाही. फसवणूक वगैरे सिद्ध करावी लागते. आणि हेही सांगितलं की त्यांनी सोडलेला हिस्सा हा हक्काचा हिस्सा होता, दानधर्म नव्हता. हे दोन्ही भावांना ऐकवणं माझं काम आहे. त्यांना जमीन नको होती. “आता काय करू जमिनीला? पण दोघांना सांगा, मुराळी या. दोघं मिळून या. एकटा आला तर मी दार उघडणार नाही.”

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा. नवी नवरी असते तेव्हा लहान भाऊ जातो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आणायला पन्नाशी ओलांडलेले दोघं भाऊ मुराळी जाणं हे आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. मी निरोप दोघांना शब्दशः दिला आणि ताईंच्या हिश्श्याचं बाजारभावानं होणारं मोलही बोलून दाखवलं. नाना म्हणाले, “पाहू.” बापू काहीच म्हणाले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ऑक्टोबर छाटणीच्या बागांचा माल बाजारात जाऊन संपला. मी फोन केला नाही. वाट पाहणं हेही कामच असतं, आणि सगळ्यांत अवघड तेच.

आखिती

मे २०२४. १० तारखेला अक्षय्य तृतीया. गावाकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. तात्यांची घागर २०१९ पासून दोन घरांत वेगवेगळी भरली जायची.

आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “दोघं आले मॅडम. एका गाडीवर आले.” नानांची जुनी मोटरसायकल, बापू मागे. गाव ते सिन्नर तासाभराचा रस्ता, मे महिन्यातलं ऊन. वाटेत काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. ताईंनी दोघांना एकाच ताटात गुळपाणी दिलं आणि पुतण्याच्या रिक्षातून त्यांच्यामागे माहेरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं होतं. नानांच्या ओट्यावर एकच घागर, तिच्यावर खरबूज आणि दोन आंबे. आतून आमरसाचा आणि तळलेल्या कुरडयांचा वास. भावकीतली पंधरा-वीस माणसं जेवायला. घाटावर त्या दिवशी होते त्यातले बरेच जण. बोलावणं बापूंनी फिरून केलं होतं, हे मला नंतर कळलं.

पानं मांडण्याआधी बापू उभे राहिले. उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर घासत होते. म्हणाले, “घाटावर मी जे बोललो ते खोटं होतं. रागात नव्हतं, खोटं होतं. तात्यांच्या दवाखान्याच्या पावत्या मी स्वतः पाहिलेल्या होत्या. नानानं उलट पदरचे घातले.” आणि खाली बसले.

कुणी काही बोललं नाही. नाना घागरीकडे पाहत होते. मग बसल्या जागेवरूनच म्हणाले, “पाइपलाइन तुटली नव्हती. मी तोडली.” थोडं थांबून, “पोरानं नाही. सगळे पोराचं नाव घेऊ राहिले, मी घेऊ दिलं. रात्री मीच गेलो करवत घेऊन.”

पाच वर्षं बापू आपल्या पुतण्यावर दात धरून होते. त्या पोराला बापानं केलेलं माहीत होतं आणि त्यानं ते गिळलं होतं. तो दारात उभा होता. आत निघून गेला. दोन शब्द बदलले, पण त्यातल्या एकानं एका तरुण मुलावर झालेला अन्याय उघडा पडला, ज्याचा माझ्या कुठल्याच टिपणात उल्लेख नव्हता. आईनं हे सारं ऐकलं आणि ताईंना म्हणाली, “मी पाहिलं होतं त्याला जाताना.” तेवढंच. मग तिनं वाढायला सांगितलं.

बापू किंवा नाना, कुणीही ‘माफ कर’ म्हणाले नाहीत. गळाभेट झाली नाही. मला विचाराल तर त्याची गरजही नव्हती. माफी मागितली की समोरच्यावर माफ करण्याचं ओझं येतं, आणि ते नाकारण्याची सोय चारचौघांत उरत नाही. इथे दोघांनी फक्त आपण केलेलं आपल्या तोंडानं सांगितलं, पूर्ण, कर्त्यासकट.

नंतरचं

सलोखा योजनेतला दस्त त्याच पावसाळ्यात नोंदवला गेला. पंचनाम्याला शेजारचे दोन गटधारक सकाळपासून येऊन बसले होते. एक हजार आणि एक हजार, पावती मी पाहिली. विहीर आता सातबाऱ्यावरही नानांच्या गटात आहे, आणि निम्म्या पाण्याचा बापूंचा हक्क इतर हक्कांत नोंदलेला.

बापूंनी वेगळं वीज कनेक्शन घेतलं. एका विहिरीवर आता दोन मोटरी, दोन स्टार्टर. हे पाहून गावातले काही जण म्हणाले, मन जुळलं तर मोटर वेगळी कशाला? मला ते शहाणपणाचं वाटलं. पूर्वीसारखं सगळं एकत्र करणं म्हणजेच पूर्ववत होणं, असं नाही. ज्या ठिकाणी ठिणगी पडते ते ठिकाण वेगळं केलं तर चहाला एकत्र बसता येतं. आणि ते बसतात. बाभळीची फास उचलली गेली.

जे भरून आलं नाही तेही लिहायला हवं. नानांचा मुलगा बापाशी कामापुरतं बोलतो. चुलत्याशी त्याचं बरं आहे, बापाशी नाही. त्यावर काही करण्याची माझी कुवत नाही. ते त्या दोघांचं आहे. ताईंच्या हिश्श्याबद्दल भावांनी काही देऊ केलं, ते त्यांनी घेतलं का, किती घेतलं, हे त्यांनी लिहू नका म्हणून सांगितलं आहे. आईच्या पाळ्या आता तीन झाल्या आहेत. पावसाळ्याचे दोन महिने ती सिन्नरला असते, गाठोडं, देवाची डबी आणि तांब्यासकट.

तो पाइपचा तुकडा माझ्या ऑफिसातच राहिला. आखितीनंतर मी बापूंना विचारलं, परत नेता का? ते म्हणाले, “टाकून द्या.” मी अजून टाकलेला नाही. नव्या प्रकरणाचा मसुदा लिहायला बसते तेव्हा क्रियापदापाशी आले की त्याच्याकडे नजर जाते.

या जानेवारीत बापूंनी पुन्हा एकरभर बाग धरली. डॉगरिजची, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम भरतात त्या खुंटाची, रोपं लावली, कलमं पावसाळा सरताना भरायची. पाइपलाइन नव्यानं टाकली, जुन्याच मार्गानं, नानांच्या बांधाखालून. चर खणायला जेसीबी आला तेव्हा नाना तिथे उभे होते. चालकानं दीड फुटावर थांबवलं, तर म्हणाले, “अजून खाली घे, तीन फूट. नांगर लागायला नको.”